"मी ठीक आहे" असं तो सहा वेळा म्हणाला

बरेच दिवस हे लिहायचं डोक्यात होतं, पण दर वेळी वाटायचं जाऊ दे, झालं गेलं, सगळे सुखरूप घरी आलो ना. पण गेल्या आठवड्यात आमच्या हाईकच्या ग्रुपवर परत कुणीतरी टाकलं, "उन्हाचं काय एवढं, पाणी जास्त घेऊ की", आणि माझ्या पोटात गोळाच आला. म्हणून आज बसलेच लिहायला.

तर झालं असं, की आम्ही पाच जण, एका दिवसाची हाईक, उघडाबोडका डोंगर, वर जायला तीन तास आणि उतरायला दोन, आधी दोनदा केलेला. उन्हाळा नुकता लागत होता, आदल्या आठवड्यापर्यंत हवा मस्त होती आणि नेमका त्या शनिवारी पारा एकदम ३९ वर जाणार असा अंदाज होता. आम्ही तो वाचला होता बरं का. वाचून "लवकर निघू" असं शहाण्यासारखं ठरवलंही होतं. सहाला चालायला लागायचं. मग एकाला उशीर, मग एकाची बाटली घरी राहिली, मग दुसराच कोणीतरी रस्ता चुकला, असं करत करत पहिलं पाऊल पडलं साडेनऊला. मला आता विचाराल तर गडबड तिथेच झाली, दुपारी नाही. साडेनऊला कुणीतरी म्हणायला हवं होतं की आज नको, चला घरी. कुणी म्हटलं नाही, मीही नाही, कारण एवढं पहाटे उठून, आवरून, सॅक भरून आलोय आणि आता काय परत फिरायचं, कसंतरीच वाटतं ना ते.

वर जाताना काहीच त्रास झाला नाही आणि तीच खरी फसवणूक होती. वाट डोंगराच्या पश्चिम अंगाने जाते, म्हणजे सकाळी तिच्यावर डोंगराचीच सावली असते. आम्ही आपले गप्पा मारत, फोटो काढत चढलो, वर पोचलो साडेबाराला, तिथे जेवलो, थोडे लवंडलो आणि सव्वाला उतरायला लागलो. आता तीच वाट, तेच दगड, पण ऊन थेट अंगावर आणि सकाळपासून तापत आलेला कातळ खालून वेगळा शेकतोय. वारा ठप्प. मला आठवतंय, मी कठड्याला धरायला हात टेकवला आणि चटकन मागे घेतला, तव्याला लागल्यासारखा.

आमच्यातला जो सगळ्यात फिट, मॅरेथॉन वगैरे पळणारा, कायम पुढे असणारा, तो हळूहळू मागे पडला. आधी बोलायचा थांबला. आम्हाला वाटलं दमला असेल. मग दोनदा ठेचकाळला. मी विचारलं ठीक आहेस ना, तर म्हणाला मी ठीक आहे. पाणी पी म्हटलं तर म्हणाला नकोय, मळमळतंय. मग थोड्या वेळाने अचानक चिडला, म्हणे ही वाटच नाहीये, तुम्ही चुकीच्या बाजूने उतरताय. आम्ही सकाळी तिथूनच वर आलो होतो, एक मोठा दुभंगलेला दगड आहे, त्याच्याजवळ फोटोसुद्धा काढलेला, आणि हा त्याच दगडाकडे बघून म्हणतोय हा मी आयुष्यात बघितलेला नाही. आम्ही हसलो. खरंच सांगते, हसलो आम्ही, वाटलं नाटक करतोय. मग त्याच्या बुटाची नाडी सुटली म्हणून तो खाली बसला आणि ती नाडी हातात घेऊन नुसता बसून राहिला. दोन टोकं जवळ आणायचा, बघायचा, परत सोडायचा. तेव्हा मला घाम फुटला, म्हणजे आधीच फुटलेला होता पण हा वेगळा.

नंतर आम्ही चौघांनी बसून आठवून मोजलं, "मी ठीक आहे" असं तो एकूण सहा वेळा म्हणाला. शेवटचं म्हणाला तेव्हा त्याला नाडी बांधता येत नव्हती.

उन्हाचं हेच तर वाईट आहे. पाय मुरगळला तर कळतं, रक्त आलं तर दिसतं, पण ऊन लागलं की ज्या मेंदूने "मला काहीतरी होतंय" हे ओळखायचं तोच मेंदू आधी गडबडतो. त्यामुळे "त्रास व्हायला लागला की थांबेन" हा प्लॅनच नाही, कारण त्रास झालाय हे ठरवणारा माणूस तेव्हा जागेवर नसतो. मला हे आधी माहीत नव्हतं का, तर होतं, वाचलेलं होतं. पण वाचलेलं आणि समोर नाडी घेऊन बसलेला मित्र यात फरक आहे.

त्यानंतर मी थोडी झपाटल्यासारखी या विषयाच्या मागे लागले, डॉक्टर असलेल्या बहिणीचं डोकं खाल्लं, मिळेल ते वाचलं. त्यातलं मला जे पटलं ते सांगते.

चढ चढताना स्नायू जी ऊर्जा जाळतात त्यातला जेमतेम पाव भाग कामाला येतो, बाकीची सगळी उष्णता. म्हणजे आपण चालती शेगडीच. सत्तर किलोच्या माणसाच्या अंगात तासाला ४०० किलोकॅलरी उष्णता तयार होत असेल आणि ती बाहेर जायला काही वावच नसेल, तर दर नऊ-दहा मिनिटांना शरीराचं तापमान एक डिग्रीने वाढेल. ३७ वरून ४० ला पोचायला अर्धा तास. तसं होत नाही कारण घाम येतो, आणि घाम ही खरंच अफाट सोय आहे, एक लिटर घाम अंगावरून पूर्ण वाळला तर साधारण ५८० किलोकॅलरी घेऊन जातो. पण वाळला तर. टपटप गळून गेलेला घाम काहीच थंड करत नाही, नुसतं पाणी आणि मीठ वाया. हवा दमट असली की तो वाळतच नाही. आणि हवेचं तापमान कातडीच्या वर गेलं, म्हणजे ३५-३६ च्या पुढे, की हवा उलट आपल्यालाच गरम करायला लागते, मग सगळा भार एकट्या घामावर. वरून सूर्य, खालून दगड, आतून स्नायू, आणि बाहेर जायला दार एकच.

त्यात रक्ताची ओढाताण. कातडीला रक्त हवं उष्णता बाहेर टाकायला, स्नायूंना हवं चालायला, आणि घामामुळे रक्तातलं पाणी कमी कमी होत चाललंय. मग शरीर पोटाकडचं रक्त काढून घेतं. म्हणून मळमळतं, म्हणून पाणी नकोसं होतं, आणि प्यायलं तरी ते पोटात नुसतं डुचमळत राहतं. म्हणजे ज्याला पाण्याची सगळ्यात जास्त गरज त्यालाच ते जात नाही. मित्र "नकोय" म्हणाला तेव्हा आम्ही त्याला नखरे समजलो होतो.

आणि एक गैरसमज, जो मला स्वतःला होता, की उष्माघात म्हणजे घाम थांबतो, अंग कोरडं पडतं. घरात, बंद खोलीत म्हाताऱ्या माणसांना होतो त्यात बऱ्याचदा तसं असतं. पण चालताना, पळताना, कष्ट करताना होतो त्यात माणूस घामाने चिंब असू शकतो. आमचा मित्र निथळत होता. मी मनात म्हणत होते घाम येतोय ना, म्हणजे ठीक आहे. अजिबात नाही. चक्कर, डोकेदुखी, मळमळ, प्रचंड थकवा, पण माणूस शुद्धीत आणि नीट बोलतोय, तर ती हीट एक्झॉशन, तिथे थांबवलं आणि थंड केलं तर बहुतेक सावरतो. पण बोलणं विचित्र, वागणं विचित्र, झोकांड्या, चिडचिड, वाट आठवत नाही, फिट येणं, बेशुद्धी, यातलं काहीही दिसलं की तो हीट स्ट्रोक, म्हणजेच उष्माघात, समजायचा आणि पुढचं सगळं सोडून त्याला थंड करायला लागायचं. डॉक्टर लोक आतल्या तापमानाचा आकडा ४० धरतात, पण डोंगरात तुमच्याकडे तो मोजायचं काही नसतं. काखेत थर्मामीटर लावून उपयोग नाही, तो कमीच दाखवतो.

आम्ही काय केलं? आधी चूक केली. दोघांनी त्याला धरून जबरदस्तीने पाणी पाजायला सुरुवात केली, ठसका लागला, अर्धं बाहेर आलं. ज्याची शुद्ध धड नाही त्याच्या तोंडात पाणी ओतायचं नाही, ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. मग एका मैत्रिणीने, तिच्यामुळे तो वाचला असं मी म्हणेन, सरळ ओरडून सांगितलं की पाणी अंगावर ओता. आणि इथे आम्ही सगळे एक क्षण अडकलो, कारण पाचांत मिळून चारेक लिटर राहिलं होतं, अजून तासाभराची उतरण होती, आणि प्यायचं पाणी जमिनीवर ओतायचं हे मनालाच पटेना. तिने विचारलं नाही, ओतलं. एका कपारीत सावलीचा एक पट्टा होता तिथे त्याला ओढत नेलं, बूट काढले, शर्ट काढून ओला केला आणि परत अंगावर घातला, डोकं, मान, छाती, मांड्या भिजवल्या, आणि दोघी जणी टोपी आणि सॅकमधल्या फोमच्या चटईने वारा घालत राहिलो. हात भरून आले की बदली. थोडं थोडं पाणी, सतत वारा. जवळ ओढा असता तर सरळ त्यात बसवला असता, डोकं धरून, तेच सगळ्यात चांगलं.

अमेरिकेत फॅल्मथ नावाची एक शर्यत असते, ऐन उन्हाळ्यात, साधारण ११ किलोमीटरची. तिथे अठरा वर्षांत हीट स्ट्रोकच्या २७४ केसेस आल्या आणि त्या सगळ्यांना जागच्या जागी बर्फाच्या पाण्याच्या टबात बसवलं. २७४ पैकी २७४ जगले. हे वाचल्यावर मी बराच वेळ त्या आकड्याकडे बघत होते. इतका भयानक प्रकार, आणि पहिल्या अर्ध्या तासात थंड केलं तर माणूस राहतो. म्हणून तिथले डॉक्टर म्हणतात आधी थंड करा, मग हलवा. आपली घाई उलटी असते, उचला, खाली न्या, गाडीत घाला, आणि तोवर आतमध्ये तो शिजतोय. आणि हो, क्रोसिन-पॅरासिटामॉल देऊ नका. हा ताप नाही, मेंदूने मुद्दाम वाढवलेलं तापमान नाही, गोळीने उतरत नाही, वर लिव्हरला त्रास. आयबुप्रोफेन तर नकोच, किडनी आधीच ताणलेल्या असतात.

पंचवीस-तीस मिनिटांनी तो म्हणाला, "मी ओला का आहे?" आम्ही चौघंही रडलो असू बहुतेक.

फोनला रेंज नव्हती. त्याला ठेवून दोघांनी पुढे जायचं की सगळ्यांनी थांबायचं यावर जरा वाद झाला, शेवटी एक जण वर डोंगराच्या खांद्यापर्यंत परत चढला जिथे सकाळी रेंज होती, तिथून फोन लागला, आणि मदतीची माणसं चार-साडेचारला खालून वर आली, पाणी घेऊन. ऊन कलल्यावर सगळे मिळून त्याला सावकाश उतरवलं. रात्री हॉस्पिटलमध्ये, सलाईन, रक्ताच्या तपासण्या. स्नायू तुटून त्यातला कचरा रक्तात आला होता, किडनीचे आकडे थोडे वर होते. दोन दिवसांनी सोडलं. डॉक्टर म्हणाले नशीबवान आहात, आणि आम्हाला तेव्हा वाटलं ते असंच म्हणतात सगळ्यांना.

ती वर आलेली माणसं लालबुंद झाली होती. त्यातला एक बसकण मारून बसला आणि आमच्याकडे बघतही नव्हता. आपण अडकलो की दुसऱ्या कुणाला तरी त्याच उन्हात, वर ओझं घेऊन, घाईघाईत चढावं लागतं. हेलिकॉप्टरचं म्हणाल तर तापलेली हवा विरळ असते, त्यात हेलिकॉप्टर कमी वजन उचलतं, फार गरम दिवशी ते येईलच याची खात्री नाही. अमेरिकेतल्या फीनिक्स शहराने २०२१ पासून उष्णतेचा कडक इशारा असेल त्या दिवशी आपल्या सगळ्यात लोकप्रिय टेकड्यांच्या वाटा दुपारच्या वेळी सरळ बंदच करायला सुरुवात केली. मला आधी असली बंदी म्हणजे लहान मुलांना वागवल्यासारखी वाटायची. आता नाही वाटत.

आता पाण्याचं, कारण ग्रुपवरचा तो मेसेज पाण्याचाच होता. पाणी लागतंच, उन्हात चढताना तासाला एक लिटर घाम सहज जातो, कुणाकुणाचा दीडही. पण पाणी म्हणजे चिलखत नाही. भरपूर पाणी प्यालेला माणूसही हीट स्ट्रोकने पडतो, कारण उष्णता तयार व्हायचा वेग जास्त असला तर पाणी काय करणार. आणि दुसरं टोक म्हणजे नुसतं पाणी ढोसत राहणं. २००२ च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त तपासलं होतं, त्यात १३ टक्के लोकांच्या रक्तातलं सोडियम नको तितकं उतरलेलं निघालं, आणि त्यातल्या बऱ्याच जणांचं वजन शर्यतीत चक्क वाढलं होतं, इतकं पाणी प्यालेले. घाम खारट असतो हो, मीठ जातं आणि आपण आत साधं पाणी भरतो, मग रक्त पातळ होतं आणि मेंदूला सूज येऊ शकते. गंमत म्हणजे, गंमत कसली, याची लक्षणंही तशीच, डोकेदुखी, मळमळ, गोंधळ. आणि बरोबरचे म्हणतात अजून पाणी पी. ढोबळ फरक असा की तो माणूस सतत पाणी पीत आलेला असतो, लघवी पांढरी स्वच्छ होत असते, बोटं सुजल्यासारखी, अंगठी घट्ट. शंका आली तर पाणी थांबवायचं आणि काहीतरी खारट खायला द्यायचं. मी आता तहान लागेल तसं पिते, दर तासाला अर्धा ते पाऊण लिटर, फार तापलं तर लिटरभर, आणि त्यात एक बाटली ओआरएसची, आणि खायला खारट काहीतरी. गटागट नाही, घोटघोट. आणि लघवी गडद झाली किंवा चार-पाच तासांत झालीच नाही तर ती गोष्ट लाजून लपवायची नाही, बरोबरच्यांना सांगायची.

अंदाजातला ३९ चा आकडा पण जरा नीट समजून घ्या, मी नव्हता घेतलेला. तो सावलीत, हवेशीर पांढऱ्या पेटीत, जमिनीपासून दीड-दोन मीटर उंचीवर मोजलेला असतो. उन्हात तापलेला दगड सहज साठीच्या वर जातो. अमेरिकेतल्या डेथ व्हॅली नावाच्या वाळवंटात १९७२ च्या जुलैत हवेचं तापमान ५३ च्या आसपास होतं त्या दिवशी जमिनीचं मोजलं तर जवळजवळ ९४ भरलं. म्हणून कुत्र्याला घेऊन जाणाऱ्यांनी हाताची उलटी बाजू सात सेकंद दगडावर ठेवून बघावी, तुम्हाला ठेववत नसेल तर त्याचे पंजे भाजतायत, आणि त्याला तर घामही धड येत नाही बिचाऱ्याला.

आणि दमटपणा. १९५० च्या दशकात अमेरिकन मरीन्सच्या ट्रेनिंग कॅम्पमध्ये पोरं उन्हाने पडायला लागली तेव्हा तिथे एक मोजमाप काढलं, डब्ल्यूबीजीटी म्हणतात, आजही लष्करात आणि खेळात वापरतात. त्यात ओल्या फडक्यातल्या थर्मामीटरला, ज्यात दमटपणा मोजला जातो, ७० टक्के वजन, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्याला २० टक्के आणि आपण ज्याच्याकडे बघून निर्णय घेतो त्या साध्या तापमानाला फक्त १०. म्हणजे ३३ डिग्री आणि चिकचिक हे ३९ आणि कोरडं यापेक्षा जास्त धोक्याचं असू शकतं. मी आता अंदाजात आर्द्रता आणि वारा आधी बघते, तापमान नंतर.

"पण तो तर मॅरेथॉन पळायचा" असं सगळे म्हणाले. तेच तर. फिट माणूस जास्त वेगाने जातो, म्हणजे जास्त उष्णता तयार करतो, आणि शरीर कुरकुर करतं ते दाबून पुढे जायची त्याला सवय असते. फिटनेसचा फायदा होतो, पण उन्हाची सवय ही वेगळी गोष्ट आहे. शरीराला उष्णतेशी जुळवून घ्यायला एक ते दोन आठवडे लागतात, रोज थोडं थोडं उन्हात चालल्यावर. मग घाम लवकर सुटतो, जास्त येतो, त्यात मीठ कमी जातं. आणि दोन-तीन आठवडे घरात एसीत बसलात की ती सवय बरीचशी जाते. म्हणून मोसमातली पहिली लाट वाईट असते, नंतरची तितकीच गरम असली तरी. आम्ही नेमके पहिल्याच तापलेल्या शनिवारी गेलो होतो. आणि एक गोष्ट आम्हाला हॉस्पिटलमध्ये डॉक्टरांनी विचारल्यावर कळली, तो आदल्या दोन दिवसांपासून सर्दीसाठी अ‍ॅलर्जीची गोळी घेत होता. त्यातल्या काही जुन्या गोळ्यांनी घाम कमी येतो. बीपीच्या, लघवीच्या, मानसिक आजाराच्या काही गोळ्यांचंही असंच काही ना काही असतं. बंद करा असं म्हणत नाहीये मी, डॉक्टरांना विचारा की मी उन्हात डोंगर चढणार आहे, चालेल का. आदल्या रात्री दारू, जुलाब, ताप, झोप नाही, तर मग नकोच त्या दिवशी.

एकट्याने जाणाऱ्यांचं मला आता फार टेन्शन येतं. २०२४ च्या जूनमध्ये मायकल मोझली, ब्रिटनमध्ये टीव्हीवर आरोग्यावरचे कार्यक्रम करणारे, स्वतः डॉक्टरकीचं शिक्षण घेतलेले, वय ६७, ग्रीसच्या सिमी बेटावर दुपारी दीडच्या सुमारास एका बीचवरून एकटेच चालत निघाले. फोन जवळ नव्हता. चार दिवसांनी सापडले, एका बीचच्या जवळच, दगडांच्या उतारावर. मृत्यूचं कारण चौकशीत नक्की ठरवता आलं नाही, उष्माघात असेल किंवा न सापडलेलं दुसरं काही, असं नोंदवलं गेलं. मला राहून राहून वाटतं, ज्या माणसाने लाखो लोकांना तब्येतीचं सांगितलं, त्यालाही दुपारी एक साधीशी वाट साधीच वाटली असणार. बरोबर कुणी असतं तर काय झालं असतं कुणास ठाऊक.

अमेरिकेतल्या ग्रँड कॅन्यन या प्रचंड दरीची गोष्ट तर आणखी वाकडी, तो उलटा डोंगर आहे, आधी उतरायचं आणि दमल्यावर चढायचं, आणि खाली जावं तसं गरम होत जातं, तळाला उन्हाळ्यात सावलीतसुद्धा ४० च्या वर. तिथली पार्क सर्व्हिस सांगते की उन्हाळ्यात सकाळी दहा ते दुपारी चार चालूच नका. दऱ्या, घळी, खाली धबधबा आहे म्हणून उतरायच्या वाटा, या सगळ्यांना हेच लागू. उतरताना मजेत असता, हिशोब परतीला होतो.

कपड्यांचं थोडक्यात. "कॉटन घालू नका" हे ऐकून ऐकून पाठ झालंय सगळ्यांना, पण ते थंडीपावसातलं आहे. कोरड्या कडक उन्हात सैल, फिकट, पूर्ण बाह्यांचं सुती छान, भिजवलं की वेळ लावून वाळतं आणि तेवढा वेळ गार ठेवतं. दमट हवेत मात्र ते अंगाला चिकटून बसतं, तिथे पातळ सिंथेटिक बरं. रुंद काठाची टोपी, नुसती पुढे झापड असलेली नाही. आणि छत्री! लोक हसतात, हसू द्यात, चालती सावली आहे ती.

आता आमच्या ग्रुपचं ठरलंय. निघायची वेळ नाही, परतायची वेळ आधी ठरते, आणि ती घरी बसून, गार डोक्याने. अकराला जिथे असू तिथून मागे, शिखर दहा मिनिटांवर असलं तरी. सातच्या आत पहिलं पाऊल पडलं नाही तर त्या दिवशी डोंगर नाही, जाऊन कुठेतरी जेवायचं. वाट कुठल्या अंगाने आहे आणि परतताना ऊन कुठे असेल हे आधी नकाशावर बघायचं. प्रत्येकाकडे अर्धा लिटर पाणी जास्तीचं, जे प्यायचं नाही, ते ओतायचं. आणि "ठीक आहेस ना?" हा प्रश्न आमच्याकडे बंद केलाय, त्याला उत्तर एकच येतं. त्याऐवजी काहीतरी करायला सांगतो, शंभरातून सात वजा करत जा, सकाळपासून कुठे कुठे थांबलो ते सांग, नाडी सोडून परत बांध. ज्याला जमत नाही त्याचं मत त्या क्षणापासून मोजायचं नाही, तो कितीही ओरडला तरी. हे सगळ्यांनी आधीच मान्य केलेलं आहे, त्यानेसुद्धा.

त्यानेसुद्धा म्हणजे काय, त्याला अजून पूर्ण पटलेलं नाही. दुभंगलेल्या दगडापासून ते "मी ओला का आहे" पर्यंतचं त्याला काहीही आठवत नाही, आणि आम्ही सांगितलेलं त्याला जरा वाढवून सांगितल्यासारखं वाटतं. त्याच्या हिशोबाने तो एकदाच म्हणाला होता मी ठीक आहे, आणि तेव्हा तो ठीक होता. परवा परत हाच विषय निघाला तर मला म्हणतो, "नाडीचं तर तू शंभर टक्के बनवून सांगतेस." मी काही बोलले नाही. त्याचा तो बूट अजून माझ्या गाडीच्या डिकीत आहे, त्या दिवसापासून, नाडी सुटलेलीच.